रांगेत अडकलेला आवाज

अण्णा, तुम्ही ज्या खोलीत बसून आयुष्यभर आगीचे फोन घेतलेत, ती खोली आता बंद झाली आहे. ती बंद करावी असं ज्या फायलीत लिहिलं होतं ती माझ्याच टेबलावरून वर गेली. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पुढे मी कुठं लागले, काय करते, यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी सरकारी नोकरीत आहे. आग, पोलीस, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी आता एकच नंबर झाला आहे, आणि तो फिरवला की फोन एका नव्या इमारतीत जातो. तिथं भिंतभर पडदे आहेत, नकाशे आपोआप हलतात, बोलणाऱ्याची भाषा यंत्र ओळखतं. या सगळ्यासाठी दिल्लीहून निधी येतो, त्यात राज्याचा वाटा घालावा लागतो. तो प्रस्ताव, ती टिपणं, खर्चाच्या मंजुऱ्या ज्या कक्षातून जातात, तिथं मी अधिकारी आहे. हे तुम्हाला सांगताना अभिमान वाटायला हवा होता. पण मला भीती वाटते आहे, आणि ही भीती ऐकून समजेल असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

तुमची भीती मी लहानपणी पाहिली आहे, तेव्हा मात्र तिला भीती म्हणतात हे मला कळत नव्हतं. या कानडी शहरात, चामराजपेटच्या आपल्या मराठी घरात तुम्ही कामावरून येता, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पाटावर बसता, आणि आई काही न विचारता रेडिओ बंद करते. ती हुळी-भात, म्हणजे इथलं आंबट वरण आणि भात, वाढते. तुम्ही भातात आळं करून तसेच बसून राहता, हुळी एका बाजूनं वाहून ताटाच्या कडेला जाते. एकदा बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "आज एक बाई होती. लवकर या म्हणाली आणि लाईन गेली. कुठून बोलते ते सांगितलंच नाही." आईनं विचारलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "मग काय. फोनकडे बघत बसलो. तो काही परत वाजला नाही." त्यानंतर तुम्ही जेवलात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर येताच तो उभ्या उभ्या उलटसुलट चाळत होतात. मला वाटायचं तुम्ही क्रिकेटचं बघताय.

आणि तो दिवस, मे महिन्याच्या सुट्टीतला. आई आजारी होती म्हणून तुमचा डबा मी घेऊन आले होते. तुमच्या टेबलावर काळे फोन होते, मागे भिंतीवर शहराचा नकाशा होता, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून काहीतरी बडबडत होते, बहुतेक शाळेच्या नाटकाबद्दल. फोन वाजला. तुम्ही उचललात. मी बोलतच राहिले. तुम्ही टेबलावर हात आपटून ओरडलात, "गप!" तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी रडले, डबा तिथंच ठेवून जिन्यात जाऊन बसले. नंतर तुम्ही आलात, माझ्या शेजारी पायरीवर बसलात आणि म्हणालात, "शिवाजीनगरचा फोन होता. भेदरलेला माणूस गल्लीचं नाव एकदाच घेतो गं. ते तुझ्या बोलण्याखाली गेलं असतं, तर मी काय केलं असतं?" तुम्ही सदऱ्याचं बटण सारखं काढत-लावत होतात. मला वाटलं, रागानं.

आता या वर्षी काय झालं ते सांगते. नवं केंद्र सुरू करण्याआधी चाचणी होती. खरेच फोन नव्या यंत्रावर घ्यायचे आणि खात्यातल्या आम्ही काही जणांनी कानाला हेडफोन लावून नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. दुपारची जेवणं झाली होती. मी हासनकडच्या एका मुलीशेजारी बसले होते. चुणचुणीत मुलगी, फोन घेताना पाठ अगदी ताठ ठेवायची. कानडी तिची स्वतःची, इंग्रजी बरी, हिंदी कामापुरती. एक फोन आला आणि हेडफोनमध्ये एका बाईचा आवाज फुटला. ती धापा टाकत, भराभर बोलत होती. मुलीनं "हेळी, हेळी," सांगा सांगा, असं दोनदा म्हटलं, पण तिला काही कळेना. तेवढ्यात पडद्यावर यंत्रानं भाषा दाखवली: हिंदी. फोन आपोआप तिच्याकडून सुटला आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या रांगेत गेला. ते सगळे दुसऱ्या फोनांवर होते. मग एक गोड, रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला. आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा.

अण्णा, ती बाई मराठीत बोलत होती. आपल्या घरातल्या मराठीत नव्हे, बेळगावकडच्या. माझ्या हेडफोनमध्ये ती लाईन अजून चालू होती, आणि ती त्या रेकॉर्डला सांगत होती, "ताई, आमचे हे टाकीत उतरल्यात. हाक मारली तर ओ देईनात. ताई, ऐका की वो." रेकॉर्ड म्हणायचं, प्रतीक्षा करा, आणि ती म्हणायची, "व्हय, पण मी उतरू काय आत? सांगा की, उतरू काय?"

मी त्या मुलीला म्हटलं, "तो फोन परत घे." ती म्हणाली, "मेडम, तो रांगेत गेला, आता हिंदीवाले घेतील." मी म्हटलं, "ती हिंदी बोलत नाही. ती मराठी बोलते आहे, आणि तिचा नवरा टाकीत पडलाय." मुलीनं एकदा देखरेख करणाऱ्या माणसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कुठली तरी दोन बटणं दाबून तो फोन ओढून घेतला. मग स्वतःचा माइक काढून माझ्या हातात दिला. बोलायचं नाही हा नियम मीच मंजूर करून घेतला होता.

"ताई, ऐकते आहे मी," मी म्हटलं. "आत उतरू नका. आधी मला सांगा, तुम्ही कुठं आहात?"

तिला रडू कोसळलं. "आनेकल," ती म्हणाली. "आनेकलच्या भायेर. रंगाचा कारखाना हाय. आम्ही नवीन हाय वो, मला ह्या जाग्याचं नाव येत न्हाई."

पडद्यावर नकाशा होता, पण तिचा फोन साधा होता, आणि नकाशानं एक भलं मोठं वर्तुळ काढून ठेवलं होतं. त्यात अर्धं आनेकल येत होतं. मी विचारलं, "दारात उभं राहिलं की काय दिसतं?" ती म्हणाली, निळी पाण्याची उंच टाकी, तिच्या पुढ्यात मारुतीचं देऊळ, पलीकडे वीटभट्टी. मी ते शब्द कानडीत बोलत गेले आणि ती मुलगी दुसऱ्या लाईनवर आनेकलच्या बंबाच्या ड्रायव्हरला सांगत गेली. त्याला देवळावरून जागा कळली. गाडी निघाली.

गाडी पोचेपर्यंतचा वेळ मला आठवू नये असं वाटतं. पलीकडे एका पुरुषाचा आवाज आला, "वैनी, बाजूला सर, मी उतरतो." तिचा दीर. तोंडाला ओला टॉवेल बांधून तो शिडीवर पाय ठेवत होता, हे तीच मला सांगत होती. त्या टाकीत कारखान्याचं सांडपाणी साचायचं, आत विषारी वायू होता, टॉवेलानं काही होणार नव्हतं. मालक यांना ती साफ करायला सांगून निघून गेला होता. मी ओरडले. त्या अख्ख्या हॉलमध्ये मी ओरडले, "त्यांना धरा! उतरले तर तेही जातील! ताई, शर्ट धरा त्यांचा!" ती किंचाळली, काहीतरी आपटलं, फोन पडला. नुसती खरखर. मी हॅलो हॅलो म्हणत राहिले. त्या खरखरीत मला तुमचं ताट दिसत होतं, अण्णा, आणि वाहून गेलेली हुळी. मग तिचा आवाज परत आला. "धरलंय," ती म्हणाली. "बसलोय दोघं बी खाली. तुम्ही फोन ठेवू नका." मी म्हटलं, "ठेवत नाही. सगळी झाकणं उघडी टाका आणि लांब बसा." मला तिचा श्वास ऐकू येत होता, तिला माझा. मग लांबून बंबाची घंटा ऐकू आली.

मास्क लावलेल्या माणसांनी तिच्या नवऱ्याला वर काढलं. तो जिवंत होता. बरेच दिवस दवाखान्यात होता. आता चालतो, बोलतो, फक्त माणसांची नावं विसरतो, असं ती फोनवर म्हणाली. हो, मी नंतर तिला फोन केला. तुम्हाला कधी शेवट कळायचा नाही, मला कळला. मला वाटलं होतं, शेवट कळला की भीती जाते.

पण पुढं झालं ते असं. आढावा बैठकीत हाच फोन पडद्यावर दाखवला गेला. नव्या यंत्रणेचं यश म्हणून. भाषा कोणतीही असो, मदत पोचते, असं त्याखाली लिहिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांगेचा, त्या रेकॉर्डचा उल्लेखसुद्धा नव्हता, कारण यंत्राच्या नोंदीत फोन आला, उचलला, गाडी गेली, एवढंच उमटलं होतं. बैठक संपल्यावर मी आमच्या साहेबांच्या खोलीत गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरं आहे तुमचं. पण निधी यंत्रांसाठी आहे, माणसांसाठी नाही. पगार राज्याच्या डोक्यावर. मराठी, तेलुगू, तमिळ बोलणारी माणसं चोवीस तास बसवायची म्हणजे नवी पदं हवीत, आणि नवी पदं कोण देतो? मार्चच्या आत खर्च केला नाही तर आलेला निधीही परत जाईल. मग ना यंत्र, ना माणूस."

"मग जुन्या खोल्या तरी चालू ठेवू या, सर. तिथली माणसं अनुभवी आहेत."

"त्या बंद करायच्या, ही तर निधीची अट आहे."

"आणि मी त्या दिवशी चहाला उठले असते तर?"

त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाले, "लिहा तुम्ही. मी अडवणार नाही."

मी लिहिलं. फाईल वर गेली आणि माझ्या परिच्छेदापुढे 'दुसऱ्या टप्प्यात विचार व्हावा' असा शेरा घेऊन खाली आली. दुसरा टप्पा कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र मी आणि त्या हासनच्या मुलीनं मिळून करून घेतली. यंत्र बसवणाऱ्या कंपनीच्या लोकांच्या मागे लागून, जवळजवळ भांडून. आता यंत्रानं भाषा ओळखली तरी पलीकडे माणूस उचलेपर्यंत फोन पहिल्या माणसाच्या हातून सुटत नाही. तो गोड आवाज काढून टाकला. याला वेगळा निधी लागला नाही, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. मुलगी मला म्हणाली, "अक्का, स्वल्प तरी झालं की." त्या दिवसापासून ती मला मेडम म्हणत नाही.

स्वल्प, थोडंसं झालं, हे खरंच. पण जुन्या नोंदी मी उघडून पाहिल्या. चाचणीच्या दिवसांत रांगेत गेलेले आणि मधेच तुटलेले कितीतरी फोन होते. प्रत्येकापुढे यंत्रानं एकच कारण लिहिलं आहे: बोलणाऱ्यानं फोन ठेवला. जमले तेवढे नंबर मी परत लावले. काही लागले नाहीत. काहींनी चुकून लागला होता म्हणून सांगितलं. एका नंबरावर एक म्हातारा माणूस नुसतंच म्हणाला, "आता काय उपयोग," आणि त्यानं खाली ठेवला. मी त्याला पुन्हा फोन केला नाही. सकाळी पेपर आला की मी आता तो उभ्यानं चाळते. माझा मुलगा विचारतो, आई, काय शोधतेस?

तुमच्या खोलीला कुलूप लागलं त्या दिवशी मी गेले होते. नकाशा काढून नेला होता, भिंतीवर त्याच्या आकाराचा उजळ चौकोन तेवढा राहिला होता. तुमच्या वेळचं तिथं कुणीच नव्हतं. शिपाई म्हणाला, "सरी मेडम," ठीक आहे मेडम, "लावू का?" मी म्हटलं, लाव.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती मी घरी कुणाला सांगितलेली नाही, साहेबांना तर नाहीच. गेल्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. डोक्याला खोक पडली होती, ती डोळे उघडत नव्हती. फोन माझ्या हातात होता. तो नंबर मला झोपेतही पाठ आहे, त्याच्या जाहिरातीचा मजकूरसुद्धा मीच तपासून दिला आहे. मी तो फिरवला नाही. मी धावत गॅलरीत गेले आणि खालच्या रिक्षावाल्याला हाका मारल्या. आई आता बरी आहे, टाके निघाले. लोक विचारतात, नव्या नंबरावर गाडी लवकर येते ना? मी म्हणते, हो, येते.