खाली ठेवलेली बादली

ती. दादा,

तुम्ही इंजिन चालवता, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. झाशीहून निघाल्यावर मोठ स्टेशनच्या अलीकडे चढ लागतो, तिथे इंजिनातून ठिणग्या उडतात. रुळांलगतच्या खळ्यात सध्या आमच्या अख्ख्या गावाचा गहू पडलाय. म्हणून आग लागलीच तर विझवायला मी गावातलीच माणसं जमवली.

काल सराव झाला. विहिरीपासून खळ्यापर्यंत रांग लावून बादल्या हातोहात पुढे द्यायच्या होत्या. एका जागी मात्र बादली जमिनीवर ठेवायची, ठेवणाऱ्याने मागे सरायचं, मगच पुढच्याने ती उचलायची. कारण तिथून पुढे, आगीच्या तोंडाशी, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं उभी होती आणि त्यांना कोणी शिवत नाही. निम्म्या बादल्या तिथेच लवंडल्या. तरी मुखियाजी खूश होते. मला म्हणाले, "मास्टरजी, बढ़िया रहा. किसी का धरम नहीं गया."

त्या चढावर कोळसा जरा कमी घाला, एवढंच तुमच्याकडे मागायचं होतं. पण पत्र टपालात पडायच्या आधीच तुमची शिट्टी ऐकू येतेय, आणि वारा खळ्याकडे वळलाय. मी जाऊन माझ्या जागेवर उभा राहतो. बादली खाली ठेवतात, तिथे.

तुमचा धाकटा,
भास्कर