अर्धा इंच

प्रिय सूनबाई,

अशी हाक मारली की तू म्हणायचीस, "आई, नाटकातल्या सासूसारखं काय बोलता!" आणि मग आपण दोघी हसत सुटायचो. आज तुला नावानं हाक मारायचा धीर होत नाही, म्हणून हीच लिहिते. इथे धाकट्या बहिणीकडे येऊन मला दीड महिना झाला. तिचा गुडघा धरलाय, हाताशी कुणीतरी हवं, असं सांगून मी निघाले होते. तिचा गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला. आता तीच मला चहा करून देते आणि विचारत काही नाही. मी खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघत राहते. तुझ्या नवऱ्याचा फोन येतो, तेव्हा गुडघ्याबद्दल खोटं सांगते.

तो सांगतो, गोटी आता प्लास्टरमध्येही पालथी पडायला शिकलीय. कमरेपासून घोट्यापर्यंत एवढं ओझं अंगावर असून जमिनीवर कोपरं टेकून चित्रं रंगवते म्हणे. परवा ड्रेसिंगवाल्या सिस्टरला म्हणाली, "माझे पाय मला दे." हे सांगताना तो हसत होता, पण मधेच फोन ठेवून दिला. त्या दिवशी पुन्हा केला नाही.

गोटी तीन महिन्यांची असताना तू तिला माझ्या हातात देऊन पुन्हा कामावर जाऊ लागलीस. नकाशे तपासायचं तुझं काम, केसाएवढी रेघ चुकली तरी तुला दिसणार. मी घरात शाळेचे गणवेश शिवायची. मशीनच्या शेजारी सतरंजी, सतरंजीवर गोटी, आणि तिच्याभोवती निळ्या-पांढऱ्या चिंध्यांचा ढीग. कधी इकडे गडगड, कधी तिकडे; म्हणून तर गोटी नाव पडलं. तू संध्याकाळी येऊन आधी तिच्या केसांतले दोरे काढायचीस, मग चपला.

खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा दहाव्या महिन्यात चालायला लागला आणि अकराव्यात जिना चढून आपल्या दारात येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तू महिने मोजायला लागलीस. गोटी बाराव्यात बुडावर सरकत होती. तेराव्यातही सरकतच होती. तू मला पहिल्यांदा विचारलंस ते कणीक मळताना, सहज विचारल्यासारखं, "आई, हे कितव्या महिन्यात चालायला लागले?" मी म्हटलं, अगं, अठरा महिने होईपर्यंत नुसता सरकत होता, फरशी पुसायची गरजच पडायची नाही. तू हसलीस. चौदाव्या महिन्यात पुन्हा विचारलंस, तेव्हा हसत नव्हतीस. पंधराव्यात तू बालरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन आलीस, अर्ध्या दिवसाची रजाही टाकलीस, आणि आदल्या संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलंस, "आई, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. आमच्या घराण्यात सगळे उशिराच चालतात. उगाच डॉक्टरकडे नेशील, ते पोरीला सुया टोचतील. तू फोन करून ती वेळ रद्द केलीस आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणालीस, "तुम्ही आहात म्हणून बरं."

तुझा नवरा अकराव्या महिन्यात चालला. मशीनचा पाय सोडून थेट दारापर्यंत गेला होता.

एकोणिसाव्या महिन्यात गोटी चालली, तेव्हा तू रडलीस. ती डावीकडे झुकत, डोलत चालायची. सगळे म्हणाले, बघा बदक आलं! सगळ्यात मोठ्यानं मी हसले. असं आणखी नऊ-दहा महिने चाललं, मग बालवाडीतल्या बाईंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, की एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या डॉक्टरांच्या खोलीत मी तुम्हा नवरा-बायकोच्या मागे स्टुलावर बसले होते. त्यांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. खुब्याचा सांधा जन्मापासूनच खोबणीबाहेर होता. पहिल्या काही महिन्यांत कळलं असतं तर पट्ट्या बांधून निभावलं असतं. वर्ष-सव्वा वर्षाची असताना आली असती, तरी बहुधा सांधा बसवून प्लास्टरवर भागलं असतं. आता हाड कापावं लागेल, आणि तरी थोडं लंगडणं राहील की नाही, हे आज सांगता येणार नाही. मग त्यांनी गोटीचे दोन्ही पाय जोडून टाचा दाखवल्या आणि विचारलं, "हा पाय आखूड आहे. पायजम्याची एक बाजू लोंबतेय, असं कधी लक्षात नाही आलं?" तू म्हणालीस, "नाही. तिचे कपडे तिची आजी शिवते. ते नेहमी नीट बसतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तूही नाही.

अकरा महिन्यांची होती ती. स्टुलाला धरून उभी होती आणि मी नवा पायजमा तिच्या अंगावर घालून बघत होते. डावी बाजू जमिनीला टेकली. मला वाटलं, कापताना चुकलं. काढून टेपनं मोजलं, दोन्ही बाजू सारख्या. पुन्हा घातला, पुन्हा टेकली. मग मी टेप तिच्या पायाला लावली. जेमतेम अर्धा इंच. चाळीस वर्षं मापं घेतेय मी, माझी टेप चुकत नाही. मी डावी बाजू अर्धा इंच आत दुमडली, तुरपाई केली, आणि तू घरी यायच्या आत इस्त्री फिरवली. त्यानंतरचे सगळे पायजमे तसेच शिवले. सात असतील, आठ असतील.

का, ते सांगते. ती पाच महिन्यांची असताना गणवेश न्यायला कुणीतरी आलं, म्हणून मी तिला पलंगावर ठेवून दाराशी गेले. तिला तेव्हा वळता येत नाही, अशी माझी समजूत. ती खाली पडली, डाव्या अंगावर. दोन मिनिटं रडली, दूध प्यायली, झोपली. कुठे सूज नाही, वण नाही. मी कुणाला बोलले नाही. अर्धा इंच दिसला, तेव्हा मला वाटलं, हे त्या पडण्यानंच झालं. डॉक्टर पाय बघतील, पडली होती का विचारतील, आणि तू पोरीला पुन्हा माझ्या हातात देणार नाहीस. एवढंच डोक्यात होतं. तिचा पाय नव्हता गं डोक्यात, माझी सतरंजी रिकामी होईल हे होतं.

त्या दिवशी तुम्ही दोघं गोटीला घेऊन ऑपरेशनची तारीख घ्यायला बाहेर गेलात, तेव्हा मी डॉक्टरांना हळूच विचारलं, मूल पडल्यानं असं होतं का? ते म्हणाले, "छे हो आजी, हे जन्मतःच असतं. पडण्याचा काही संबंध नाही." म्हणजे जे मी लपवलं, त्यात माझा काही गुन्हाच नव्हता. गुन्हा झाला तो लपवण्यात. माझा जीव हलका व्हायला हवा होता का, मला ठाऊक नाही.

आणि ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर तू कपाळ बडवून म्हणत होतीस, "मी आई आहे, मला कसं दिसलं नाही?" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तुला पाणी आणून दिलं. म्हटलं, असं बोलू नये गं. खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तो हात मला स्वतःचाच सोसवेना, म्हणून चार दिवसांनी गुडघ्याचं निमित्त करून मी निघून आले.

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेणार होते. पण काल त्याचा फोन आला. तू नोकरीचा राजीनामा दिलास. प्लास्टरसाठी रजा मिळत होती, तरी दिलास. साहेबांना म्हणालीस, ज्या बाईला पोटच्या पोरीचा पाय दिसत नाही, तिनं लोकांचे नकाशे काय तपासायचे. तू नीट जेवत नाहीस, त्याच्याशी बोलत नाहीस, दुसरं मूल नको म्हणालीस, आपली लायकी नाही म्हणालीस. म्हणून लिहितेय. क्षमा मागायला नाही, ती तू करू नयेस. आधी हे पत्र त्याला वाचायला दे, मग साहेबांना भेटून तो राजीनामा परत घे. मला गोटीला भेटू द्यायचं की नाही, ते तू ठरव; नाही म्हणालीस तर मी एका शब्दानं विचारणार नाही. पण पुढे कधी ती लंगडत येऊन म्हणाली, की आई, तुला कळलं कसं नाही, तर मान खाली घालू नकोस. तिला सांग, मला कळलं होतं. मी विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा तुझी आजी माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलली.

तुझीच म्हणवून घेण्याचा हक्क आता उरला नाही, तरी तुझीच,
आई