निशाणी शिलाई मशीन

लिहून ठेवणार, म्हणजे खाली डावा अंगठा उठवणारी मी, या मतदारसंघातली झेंडे शिवणारी सर्वांत जुनी बाई. डोकं ठिकाणावर आहे, कान कामापुरते आहेत, दबाव कोणाचाही नाही. अक्षरओळख नसल्याने मी सांगते, नात लिहिते. तिने माझं बोलणं सुधारू नये.

एक. राहते घर मुलगा व मुलगी यांना समसमान द्यावे. हे घर निवडणुकांनी बांधलं. पहिले आमदार वकील; ते तीनदा निवडून आले, तेवढ्यात खालच्या दोन खोल्या झाल्या. मग सरकार पडलं, म्हणून मध्यावधीत माझी वरची खोली उभी राहिली. पुढे ठेकेदार आला, त्याच्यामागून त्याची मुलगी. आमदारकी अजून त्यांच्याच घरात आहे. झेंडे मी सगळ्यांचेच शिवले. "मत कोणाला?" असं कोणी विचारलं की सांगायची, "ज्याचं कापड चांगलं त्याला."

दोन. ठेकेदाराच्या उरलेल्या झेंड्यांनी जिना पुसावा. मात्र ते काम माझ्या धाकट्या जावेला सांगू नये. कारण पुढे आहे.

तीन. माझे शिलाई मशीन धाकट्या जावेस द्यावे. ठेकेदार पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्याविरुद्ध माझे धाकटे दीर अपक्ष उभे होते. दवाखान्यात कंपाउंडर, माणूस सरळ. मला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाचता येत नाही ना? म्हणून निशाणी तुमचं मशीनच मागून घेतलं. आता चुकायला जागाच नाही."

मी चुकले नाही. मी गेलेच नाही. ठेकेदाराला विजयाचे झेंडे आधीच हवे होते. म्हटलं, हा गठ्ठा उरकते, मग जाते. माझ्या एका मतावाचून काय अडतंय? उरकेपर्यंत केंद्राचं दार लागलं.

दीर एका मताने पडले. माझं मत पडतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी काढली असती. चिठ्ठीत ते हरले असते तर निदान नशिबाला शिव्या देता आल्या असत्या. त्यांनी त्या शिव्या बायकोला दिल्या. त्या सकाळीच दोघांचं वाजलं होतं. तिच्या बोटाला शाई होती, तरी म्हणाले, "शाई दिसते गं, शिक्का कुठे मारलास ते कुठे दिसतंय?" माझी दहाही बोटं झेंड्यांच्या रंगाने निळी, मला कोण विचारणार? मी दातात दोरा धरून गप्प बसले. दीर जाईपर्यंत तिच्याशी जेवणापुरतंच बोलले. त्या दोघांना वाढायला मीच असायची.

चार. तिसरे कलम सगळ्या घरासमोर मोठ्याने वाचावे, आणि मी जिवंत असतानाच. मेल्यावर कबूल करणं म्हणजे केंद्र बंद झाल्यावर मत द्यायला जाणं.

म्हणून आत्ताच वाचलं. जाऊ उशाशी बसली होती. तिला म्हटलं, "साक्षीदार म्हणून तूच सही कर." नात म्हणाली, "साक्षीदाराला काही मिळत नाही, आजी. मशीन जाईल."

"मग सही दुसऱ्या कुणाची घ्या, जाऊबाई," जाऊ म्हणाली. "त्या दिवशी मत देऊन आले ती भिंतीपलीकडेच बसून होते, तुमचं मशीन थांबायची वाट बघत. दार लागेपर्यंत थांबलं नाही. साक्षीदार मी तेव्हापासूनच आहे. मशीन द्या."

पाच. उद्या मतदान आहे. मला खुर्चीत बसवून न्यावे. खुर्चीला एका बाजूने जावेने हात लावावा. तिला वाटलं तरच.

साक्षीदार: समोरची नर्सबाई (सही), कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला (सही)
लिहिणार: नात (सही)
लिहून ठेवणार: डाव्या अंगठ्याचा ठसा
ठिकाण: मध्यावधीची खोली
दिनांक: मतदानाचा आदला दिवस