सरकारची आंघोळ

१४ मार्च, दुपार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आपलं छोटं सरकार जेवून झोपलं आहे. तुझं नर्सिंगचं प्रशिक्षण नीट चालू असेल. वेळेवर जेवत जा.

फोनवर तू रोज विचारतेस, "आंघोळ झाली?" मी म्हणतो, "झाली." झाली, पण माझी. तुझ्या लेकीची पाच दिवस झाली नव्हती. ओल्या फडक्यावर भागवलं.

जाताना तू म्हणालीस, "बाबा, जमलं नाही तर सांगा, मी सगळं सोडून परत येते." म्हणूनच सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी एकदम ओतलं. साबण डोळ्यांत गेला. तिने असा टाहो फोडला की तिला टॉवेलात गुंडाळून मीच बाहेर पळालो. दुसऱ्या दिवसापासून बादलीचा आवाज आला की ती पलंगाखाली. बदक आणलं, होडी आणली. ती खेळणीही पलंगाखाली गेली.

"बाहेर या, सरकार."

"नाई."

मग म्हटलं, चाळीस वर्षं लोकांचे नळ बसवले, आपल्याला काय अवघड! काल तिच्या हाताला येईल असा एक छोटा नळ बसवला. ती स्वतःहून आली. दोन्ही हातांनी नळ पिळला, आणि नळच तिच्या हातात आला. आवळायचा राहिला होता.

फवारा थेट माझ्या तोंडावर. मी तळव्याने भोक दाबून बसलो. सरकार पोट धरून हसत होतं. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई धावत वर आल्या.

"अहो, माझ्या मशीनवर पाणी ठिबकतंय! प्लंबर ना तुम्ही?"

"होतो. आता निवृत्त आहे."

"ते दिसतंच आहे!"

मुख्य कॉक शेवटी त्यांनीच बंद केला.

तोवर तुझ्या लेकीने बादलीतून पाण्याचा मग भरून घेतला होता. "आजो, डोळे मित," म्हणाली. माझ्या कपाळावर आडवा हात धरला आणि पाणी हळूहळू मागच्या बाजूला सोडलं. डोळ्यांत एक थेंब नाही.

हे तिला तू शिकवलंस. तुला तुझ्या आईने. तेव्हा मी कामावर असायचो. निदान कामावर आहे असं सांगायचो. ओलं मूल हातातून निसटेल, याची मला फार भीती वाटायची. तुझ्या आईला ते कळलं होतं.

आज आधी तिने मला न्हाऊ घातलं, मग मी तिला. कपाळावर हात धरून. सव्वा तास लागला. खालच्या बाईंनी दोनदा हाक मारून चौकशी केली.

आता खरं काय ते तुला कळलं. यायचं असेल तर ये, पण शिक्षण अर्धवट टाकू नकोस. आज मी पाण्याचा मग उचलला, तेव्हा तिने डोळे मिटले. मी सांगायच्या आधी.

तुला एकदाही आंघोळ न घातलेले,
तुझे बाबा