ताटे बांगलादेशाला निघाली

५ मे १९९१, सकाळ
बांगलादेशात वादळाने किनाऱ्यावरची घरेच नेली. रेडिओवर रोज तेच. जेवायला ताट नाही, पांघरायला कपडा नाही. फार वाईट वाटले. दुसरा चहा घेतला नाही. आमच्या सणसर गावाने काहीतरी केले पाहिजे. सणसर म्हणजे मीच.
बायको कुशाबाई म्हणाली, करा की, पर आधी आपल्या पत्र्यावरचं दगड सरकल्यात ते बघा, वारं सुटाय लागलंय. बायकांची नजर पत्र्याच्या वर जात नाही. उद्या करतो म्हणालो.

६ मे
देवळात मदत समिती स्थापन. अध्यक्ष मी, एकमताने. हजर तिघे. उपाध्यक्ष गेणबा, कारण ट्रॅक्टर त्याचा. पुण्याची एक संस्था माल जहाजाने पाठवते. तिचा ट्रक दर शनिवारी बारामतीला येतो. वाटपाला मी स्वतः जाणार, हे गावाला सांगितले. संस्थेला सांगायचे आहे.

९ मे
गाव दिलदार. ताटे, चादरी आल्या. भामाबाईंनी नवे घोंगडे दिले. पण ताटांचा घोटाळा आहे. सगळी लग्नात आलेली, प्रत्येकावर नाव घातलेले. मामाकडून, आत्याकडून, कैलासवासी अमक्याच्या स्मरणार्थ. तिकडच्या लोकांना वाटायचे, मदत भामाबाईंच्या मामाने केली. म्हणून खाली घालून घेतो: ‘वादळग्रस्तांस सप्रेम भेट, अध्यक्ष विजयसिंह, सणसर.’
दगड राहिले.

११ मे
ट्रक आपला माल न घेताच गेला. नाव घालणारा एकटाच, त्यात लग्नसराई. संस्थेचे लोक म्हणाले, आहे तसे द्या. एवढी घाई कशाला करतात कळत नाही. गेणबा म्हणाला, भुकेल्याला ताटातलं दिसतं, ताटावरचं न्हाय. वाक्य बरे आहे. भाषणात घेईन.

१४ मे
वाटपाची पद्धत ठरवली. घेणाऱ्याने रांगेत यायचे. ताट छातीशी, नाव कॅमेऱ्याकडे, मान वर. हसायचे, पण बेताने. गेणबाची शंका: त्यास्नी मराठी वाचता येतंय व्हय? त्याला समजावले, फोटो आपल्या देवळात लावायचा आहे.
सफारी शिवायला टाकली. कुशाबाईने विचारले, ती घालून पत्र्यावर चढणार का? परराष्ट्र व्यवहार हिला कधी कळणार?

१८ मे
नावे झाली, पण ‘अध्यक्ष’ घालायचे राहिले होते. परत पाठवली. दुसरा ट्रकही गेला. मालाबरोबर माणूस नेत नाही, असेही ते लोक म्हणाले. माझी ओळख नसावी.
भामाबाई भेटल्या. घोंगडं पोचलं का, तिकडं लेकरं गारठत असत्याल, म्हणाल्या. जवळजवळ पोचले, म्हणालो. मग जेवण गेले नाही.

२३ मे
ताटे चकाचक. ‘अध्यक्ष’ ठळक. शेवटचा ट्रक परवा. आता विघ्न नाही. ट्रक गेला की लगेच दगड.

२४ मे
काल संध्याकाळी वावटळ आली. आमचे पत्रे गेले. तीन गेणबाच्या उसात सापडले, चौथा अजून नाही. पाठोपाठ पाऊस. गहू, अंथरुणे, सफारी, सगळे भिजले. भांड्यांवर भिंत आली. गावात दुसऱ्या कुणाचे काही गेले नाही. त्यांनी दगड नीट केले होते.
कुशाबाई भिजलेला गहू वाळत घालत बसली. बोलली असती तर बरे झाले असते.

दुपार
गेणबा दोन ताटे आणि भामाबाईंचे घोंगडे घेऊन आला. मी म्हणालो, माल परदेशाचा आहे. तो म्हणाला, ताटावर वादळग्रस्त लिवलंय, देश कुठं लिवलाय? मग मला रांगेत उभे केले. रांगेत मी एकटा. बनियनवर होतो, डोक्यावरून घोंगडे. ताट छातीशी, नाव पुढं, मान वर करा आबा, म्हणाला, आणि समितीच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. गाव बघत होते. मेल्याहून मेल्यासारखे झाले.
संध्याकाळी त्याच ताटात भाकरी खाल्ली. नाव भाकरीखाली दिसले नाही.

२५ मे
उरलेला माल गेणबाने ट्रॅक्टरने नेऊन ट्रकात चढवला. अध्यक्षांना कुणी बोलावले नाही. माल मात्र गेला.

२ जून
फोटो देवळात लागला. नाव अगदी स्वच्छ वाचता येते. पळसदेवचे एक पाहुणे बराच वेळ बघत उभे होते. मी शेजारीच, इस्त्रीची सफारी घालून. ते म्हणाले, बांगलादेशाची माणसं अगदी आपल्यासारखीच दिसत्यात की.
मी व्हय म्हणालो.