क्लाइडची शेवटची काडतुसं

ब्रोकन बो, नेब्रास्का
३ ऑगस्ट १९७८

चि. लेलँड,
अ. उ. आ.

त्या मनोऱ्यात बसून जंगलातल्या आगी शोधताना जेवतोस तरी का? इकडे मका चांगला आहे, गुडघे वाईट.

१९ तारखेला क्लबची नेमबाजीची स्पर्धा, क्लाइड गेल्यानंतरची, विधवा म्हणून माझी पहिली. त्याने स्वतः भरलेली शेवटची काडतुसं मी जपून ठेवलीत, ती त्या दिवशी त्याच्या नावाने झाडायचीत. त्याच्या पिस्तुलाची नळी झिजली म्हणून मी नवं घेतलं, पण ते मोठं नखरेल. काडतुसं लांब पडतात, पुरती आत जात नाहीत. मग काडतुसं भरायच्या प्रेसवर एकेकाची गोळी जराशी आत दाबली. आता छान बसतात. आतल्या दारूला हात लावला नाही हो, क्लाइडचं माप ते क्लाइडचं माप. दोन झाडून पाहिली. हिसका जरा जास्त बसला, पण नव्या पिस्तुलाचं चालायचंच.

मोजे पाठवतेय, ते घाल. माया आहेच.
तुझी ताई, आयव्हा

मनोऱ्यावरून, आयडाहो
९ ऑगस्ट

ती. आयव्हाताईस,
शि. सा. न.

टपाल आज खेचरावरून आलं. तुझं पत्र वाचलं. लगेच वायरलेसवरून वनखात्याची कचेरी गाठली आणि तुमच्याकडच्या पोलीसप्रमुखाला, शेरीफला, फोन करायला लावला. वायरलेस फक्त आगीसाठी असतो, त्यामुळे माझी बहीण काडतुसं दाबते हे आता अर्ध्या आयडाहोला ठाऊक झालंय. कुणी निरोप घेऊन आलं तर दारातून हाकलू नकोस.

ताई, ती झाडू नकोस. गोळी आत गेली की पुंगळीतली जागा कमी होते, दारू मात्र तेवढीच राहते. पिस्तुलाच्या पुंगळीत जागा मुळातच इवलीशी, एवढ्याशा फरकाने दाब कुठल्या कुठे जातो. तो हिसका म्हणजे नखरा नव्हता. लांबी बदलली की माप पुन्हा पहिल्यापासून शोधायचं: पुस्तकातल्या सगळ्यात कमी दारूपासून सुरू करून थोडं थोडं वाढवायचं, दर वेळी रिकाम्या पुंगळ्या न्याहाळायच्या. दाबलेली सगळी मोडून टाक. तुझा हात जायला नको, डोळे जायला नकोत. मला फार भीती वाटते.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा लेलँड

ब्रोकन बो
१२ ऑगस्ट

चि. लेलँड,
आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

तुझा पोलीस आला. मी चर्चच्या रविवारच्या शाळेत ज्याचे कान पिळले तोच पोरगा, लाजून लाल झाला होता. मी कुणाचा तरी मुडदा पाडला, अशी गल्लीत कुजबुज आहे.

त्या दोन रिकाम्या पुंगळ्या भिंगाखाली पाहिल्या. घोडा आपटतो त्या बुडाच्या टिकल्या दाबाने पार चपट्या झाल्यात. तुझंच खरं, झाडणार नाही. पण मोडणारही नाही. त्यातली दारू क्लाइडने तोललीय, लेलँड, पाठीला उशी लावून, खोकला दाबत. डबा कपाटात राहील. तेवढं तरी मला राहू दे.

तुझीच,
आयव्हा

मनोऱ्यावरून
१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

खेचरवाला थांबलाय, म्हणून थोडक्यात लिहितो. कपाटातला डबा कधीतरी कुणीतरी उघडणारच. तुझी नात सुट्टीत येते, तीही नेम धरते. डब्यावर क्लाइडचं अक्षर पाहून ती कशाला शंका घेईल? क्लाइडने भरली ती चांगलीच होती. पण तू दाबलीस तेव्हापासून ती त्याची राहिली नाहीत.

पाया पडतो, मोड.
लेलँड

ब्रोकन बो
२१ ऑगस्ट

चि. लेलँड,
अ. उ. आ.

स्पर्धेला गेलेच नाही. शनिवारी ओसरीत बसून सगळी मोडली. गोळ्या सोडवायच्या पोकळ हातोडीत काडतूस अडकवायचं आणि हातोडी ठोकळ्यावर ठोकायची, की झटक्याने गोळी सुटते. प्रत्येक ठोक्याला रडले. दारू गुलाबांच्या आळ्यांत पसरली, क्लाइडही तसंच करायचा.

मग त्याच पुंगळ्या, त्याच गोळ्या घेऊन थोडी भरली. लांबी नव्या पिस्तुलाला बसेल तेवढी, दारू पुस्तकातली सगळ्यात कमी, आणि ती मी तोलली. काल झाडून पाहिली. हिसका नेहमीसारखा, टिकल्यांच्या कडा गोलच. मन मात्र अजून थाऱ्यावर नाही.

नात आज सकाळी आली आणि आल्या आल्या तिने कपाट उघडून काडतुसांचा डबा काढला. ही आजोबांनी भरलेली का, असं विचारलं. मी सांगितलं की आजोबांची संपली, ही माझी.

थंडीला खाली उतरलास की इकडेच ये. आठवण ठेव.
तुझी ताई, आयव्हा