ब्रॉकला वाचवा

१४ सप्टेंबर, सोमवार

ब्रॉक मेला! बत्तिसाव्या प्रकरणात, एडक्याची धडक बसून, लग्नाला दोन दिवस असताना!

आमच्या लेखिकेने, बेरिलने सकाळी शेवटची प्रकरणं आणून टेबलावर आपटली आणि गेली. चार पुस्तकं आम्ही या एका मेंढपाळाच्या जिवावर काढली. पाचव्यात त्याचं लुसीशी लग्न, असं नाताळच्या यादीत छापूनही बसलोय. तीस तारखेला सगळं मेलबर्नच्या छापखान्यात पोचायला हवं. प्रेमकथेत नवरदेवच मेला तर घेणार कोण? आमच्या प्रकाशनाला टाळंच लागेल.

कॅथने शांतपणे विचारलं, "एडका वाचला ना?" सख्खी धाकटी बहीण आहे आणि जाहिरातीचं सगळं बघते, म्हणून सहन करते!

१५ सप्टेंबर

बेरिलकडे गेले. बागेत तण उपटत होती.

"का मारलास गं त्याला?"

"मरतात माणसं."

खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं — शनिवारचं शेतकी प्रदर्शन! स्पंज केकमध्ये अकरा वर्षं बेरिल पहिली. यंदा दुसरी. नेहमीच्या परीक्षकबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून गावातल्या मेंढपाळाला, लेस हॅनिगनला बसवलं. त्याने कार्डावर लिहिलं, 'वर जाळीचे वण. चव उत्तम.' जाळीवर कापड न घालता बेरिलने केक निवायला ठेवला! चाळीस वर्षांत जे झालं नाही ते झालं. निकाल वाचला तेव्हा मी तंबूतच होते, तिच्या शेजारी. तिचं तोंड बघवत नव्हतं.

आणि ब्रॉक म्हणजे लेसच, हे लेस सोडून अख्ख्या गावाला माहीत आहे. तीच टोपी, तेच लंगडणं.

म्हटलं, "बेरिल, एका केकपायी खून?"

"दुसरा नंबर होता म्हणून एका धडकेत गेला. तिसरा असता तर हाल हाल करून मारला असता."

१७ सप्टेंबर

लेसकडे गेले. पाण्याच्या टाकीवर चढून काहीतरी ठोकत होता. खाली उतरवला, म्हटलं, बेरिलची माफी माग.

"वण होते."

"थोडी डोळेझाक केली असतीस तर?"

"मग पुढच्या वर्षी कच्च्या केकलाही पहिला नंबर देऊ का? वण होते म्हणजे होते."

कसला हट्टी माणूस! पण आमची चारही पुस्तकं वाचलीत त्याने. म्हणतो, "ब्रॉक माणूस बरा आहे, पण कुत्र्याशी फार बोलतो." आणि लगेच पायाशी बसलेल्या कुत्र्याला, "काय गं टिली, खरं की नाही?" मी ओठ चावून हसू दाबलं.

१८ सप्टेंबर

गेल्या पुस्तकाच्या कव्हरबद्दल एका बाईंचं पत्र — 'तुमचा ब्रॉक उघड्या अंगाने कुंपण घालतोय. माशा काय रजेवर गेल्यात?' कॅथ म्हणते, पुढच्या कव्हरवर चार माशा काढू. खरंच काढायला बसलीये!

२० सप्टेंबर, रविवार

पुन्हा लेसकडे. निव्वळ कामासाठी. त्याने चहाबरोबर खायचे छोटे पाव, स्कोन केले होते, दगडासारखे. तीन खाल्ले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, त्याबद्दल बोलला. मग मी माझ्या घटस्फोटाचं सांगितलं, जे मी कुणाला सांगत नाही. दोन तास कुठे गेले कळलं नाही. अर्ध्या रस्त्यात आठवलं — बेरिलचा विषयच काढला नाही! गाढव आहे मी.

२२ सप्टेंबर

बेरिलने सुधारित प्रकरण दिलं. ब्रॉक जिवंत, पण बेशुद्ध. डॉक्टरांनी हात टेकले. "सध्या एवढंच जमेल," म्हणाली. कॅथ विचारते, कव्हरवर सलाईनची बाटली दाखवायची का?

२४ सप्टेंबर

आठवड्यात तिसऱ्यांदा लेसकडे. निघताना कॅथ, "एवढं आहे तर टेबलखुर्ची तिकडेच नेऊन टाक ना!" काम म्हणजे काम! हिला काय कळतंय!

शेवटी तयार झाला. वण नव्हते असं तो मेला तरी म्हणणार नाही. पण इतका चांगला स्पंज जन्मात खाल्ला नव्हता, हे खरं आहे, ते तो जाऊन सांगेल. "हा शर्ट चालेल?" म्हणून विचारलं. कॉलर आत दुमडली होती, मी नीट करून दिली.

२६ सप्टेंबर

लेस जाऊन आला! बेरिलच्या व्हरांड्यात तासभर बसला. परत येताना तिने अख्खा केक बांधून दिला. आमचा नवरदेव वाचणार! कॅथने आणि मी ऑफिसात चक्क फुगडी घातली. खुर्ची मोडली.

२९ सप्टेंबर

बेरिल आली. ब्रॉक डोळे उघडतो. उठतो. लग्नही करतो — पण लुसीशी नाही! दवाखान्यात तीनदा भेटायला आलेल्या, पुस्तकं छापणाऱ्या एका चष्मेवाल्या बाईशी!

मी म्हटलं, "बेरिल, हे काय गं?"

"केकचा राग कुणाला होता? कापड घालायचं मीच विसरले. पण त्या दिवशी तंबूत माझा निकाल वाचताना लेस बघत होता तुझ्याकडे." मग माझा हात धरून म्हणाली, "चार पुस्तकं मी सांभाळला त्याला. आता तू सांभाळ."

मला रडू आवरेना. तीच माझी पाठ थोपटत बसली.

उद्या छापायला जाईल. लेसला अजून काहीच माहीत नाही.